दरज कोणी भरायची?

भाद्रपद सरता सरता पावसाचा जोर ओसरला आणि भिंतींवर कोरडे ऊन पडू लागले, की शीव-माटुंगा भागातील गृहनिर्माण संस्थांच्या चिटणिसांकडे जे अर्ज येऊ लागतात, त्यांतील पुष्कळांचा मजकूर एकाच मसुद्यावरून उतरवून घेतल्यासारखा असतो: वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या न्हाणीघरातून आमच्या छतास ओल येत असून रंगाचे पापुद्रे सुटले आहेत, दिव्याच्या पेटीभोवती पिवळे वलय उमटले आहे, सबब आपण योग्य ती तजवीज करावी. चिटणीस अर्जावर शेरा मारून तो वरच्या बिऱ्हाडाकडे रवाना करतात. वरचे बिऱ्हाड गच्चीकडे बोट दाखवते. गच्ची निर्दोष ठरली की बाहेरच्या नळावर आळ येतो. आणि अखेर सर्वांनी हात टेकल्यावर ज्या ठेकेदारास पाचारण करण्यात येते, तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर चपलांसकट उभा राहूनच, सगळे तोडून नव्याने करावे लागेल, असा निवाडा देऊन मोकळा होतो. मग पंधरवडाभर साऱ्या इमारतीच्या डोक्यात हातोडा वाजत राहतो, राडारोड्याच्या गोणी जिन्यातून उतरतात, पूर्वीपेक्षा मोठ्या व पूर्वीपेक्षा गुळगुळीत लाद्या बसतात, आणि काही पावसाळे उलटले की त्याच मजकुराचा अर्ज पुन्हा चिटणिसांच्या मेजावर येऊन पडतो. या साऱ्या कारवाईत एक गोष्ट मात्र सहसा कोणी करीत नाही: न्हाणीघरात उकिडवे बसून, हातात विजेरी घेऊन, दोन लाद्यांमधली ती दोन-तीन मिलिमीटर रुंदीची रेघ नीट न्याहाळण्याची.

माझे स्पष्ट मत असे आहे, की आपल्या घरांतील लाद्यांची जी तोडफोड दरसाल चालते, तिच्यातील बराच भाग ही दरज वेळच्या वेळी न भरल्याबद्दल आपण आपणहून भरलेला दंड होय. आणि ती भरण्याचे काम गवंड्याचे नाही, ठेकेदाराचे तर मुळीच नाही, ज्याच्या घरातले पाणी त्या दरजेतून खाली जाते त्या गृहस्थाचे अथवा गृहिणीचे आहे. ज्या घरात मोटारीच्या चाकात हवा कमी झाली तर ती त्याच दिवशी भरली जाते, त्याच घरात न्हाणीच्या दरजेतला मसाला वर्ष-दोन वर्षे भुगा होऊन गळत राहतो आणि त्याची दाद-फिर्याद घेणारे कोणी नसते, हे मला चमत्कारिक वाटते.

दरज मुळात ठेवावीच का लागते, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. भट्टीतून निघालेल्या दोन लाद्या मापाने तंतोतंत सारख्या नसतात. शिवाय लादी, तिच्याखालचा गिलावा आणि त्याखालचे काँक्रीट यांचे उष्णतेने व ओलाव्याने आकुंचन-प्रसरण निरनिराळ्या प्रमाणात होत असते. या उभयतांची सोय व्हावी म्हणून मधे जागा सोडतात आणि ती सिमेंट, बारीक रेती अथवा दगडाची भुकटी व थोडेसे चिकट रसायन यांच्या मिश्रणाने भरतात. हे मिश्रण सच्छिद्र असते, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर पाणी अडत नाही, हे येथेच कबूल केले पाहिजे. पाणी अडविण्याची खरी जबाबदारी खाली असते: मुंबईच्या रिवाजाप्रमाणे न्हाणीघराची स्लॅब थोडी खाली घेऊन, तिच्यावर जलरोधक थर देऊन, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. परंतु दरज उघडी पडली म्हणजे प्रत्येक बादलीबरोबर त्या कोब्यात पाणी उतरते, आणि विटेचा तुकडा पाणी पिण्यात जितका तत्पर तितकाच ते सोडण्यात सुस्त असल्यामुळे, कोबा बारा महिने ओला राहतो. मग जलरोधक थरात, नळाच्या भोवती किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेस कोठेतरी जी दुबळी जागा असेल ती हे साठलेले पाणी सवडीने शोधून काढते. दरज शाबूत असली तर त्या थरावरचा भार हलका होतो आणि त्याचे आयुष्य वाढते. तिच्याकडून याहून अधिक मागू नये, आणि कमीही मागू नये.

शीवच्या जुन्या रहिवाशांस हा प्रश्न तसा अपरिचित होता. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगाने तोंड काढल्यानंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या ज्या योजना आखल्या, त्यांच्या मुळाशी उजेड, वारा आणि धुवून स्वच्छ ठेवता येईल असे घर, हा आरोग्याचा विचार होता. ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला. पण त्याने आखलेल्या रस्त्यांच्या दुतर्फा ज्या इमारती उठल्या, त्यांच्या दिवाणखान्यांत रंगीत सिमेंटच्या नक्षीदार लाद्या आणि मोरीत शहाबादी फरशी, असा थाट सामान्यतः असे. सिमेंटच्या लाद्यांचा धंदा सिधवा कुटुंबाने १९२२ साली स्वदेशीच्या भावनेने भारत टाइल्सच्या रूपाने उभा केला, आणि त्या लाद्या एकमेकींना इतक्या भिडवून बसवीत की मधल्या रेघेस केसाची उपमाही जाड वाटावी. शहाबादीच्या फटी रुंद असत, त्या साध्या सिमेंटने भरीत, आणि त्या उखडल्या तर घरातीलच कोणीतरी थापी घेऊन बसे. त्यात कोणास कमीपणा वाटत नसे. पुढे १९५८ पासून ठाण्याच्या जॉन्सन कारखान्याने चकाकीच्या चिनी मातीच्या लाद्या मध्यमवर्गीयांच्या आटोक्यात आणल्या, त्यानंतर गुजरातेतील मोरबीच्या कारखान्यांनी त्यांचा महापूर आणला, आणि प्लॅस्टिकच्या फुल्या मधे ठेवून हेतुपुरस्सर फट राखण्याची पद्धत घरोघर रूढ झाली. लादी उत्तरोत्तर कठीण व निर्दोष होत गेली. भार सारा दरजेवर येऊन पडला. जिन्याच्या कोपऱ्यात पानाची पिंक पडू नये म्हणून देवादिकांच्या चित्रांच्या लाद्या डकविण्याची जी युक्ती आपल्या इमारतींनी काढली आहे, तिच्यातही देव तेवढे उजळ राहतात आणि त्यांच्या भोवतालची रेघ काळी पडत जाते.

दरज खराब का होते, याची कारणे सांगताना ठेकेदार इमारतीच्या वयाकडे, समुद्राच्या हवेकडे आणि पावसाकडे बोट दाखवितात. या तिघांचाही थोडाबहुत हात असेल. परंतु मुख्य आरोपी न्हाणीघराच्या कोपऱ्यात, बादलीमागे, बाटलीत बसलेला असतो. फिनेल-ॲसिडची हाळी ज्याने ऐकली नाही असा मुंबईकर विरळा. आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातल्यानंतरही, शौचकूप धुण्याच्या सुवासिक द्रवाच्या रूपाने तेच हायड्रोक्लोरिक आम्ल, पातळ होऊन का होईना, प्रत्येक घरात नांदत आहे. शौचकुपाच्या चिनी मातीस ते मानवते. पण आपल्याकडील रीत अशी, की भांडे धुवून उरलेली धार जमिनीवर आणि भिंतीच्या लाद्यांवर सोडायची, खराट्याने खसाखसा घासायचे आणि पाच मिनिटांनी पाणी ओतून पांढरेशुभ्र दृश्य डोळे भरून पाहायचे. या पाच मिनिटांत काय घडते? सिमेंट घट्ट होताना त्यात जो चुना तयार होतो, त्याचा आम्लाशी संयोग होऊन पाण्यात विरघळणारा क्षार बनतो आणि तो त्याच पाण्याबरोबर गटारात जातो. लादीच्या काचेसारख्या चकाकीवर आम्लाचा परिणाम जवळजवळ होत नाही, म्हणून लादी चमकते आणि तिच्या शेजारची दरज प्रत्येक धुण्यागणिक थोडी थोडी खोल जाते. दिसणारी स्वच्छता आणि न दिसणारा नाश ही दोन्ही एकाच बाटलीतून येत असल्यामुळे पाहणाऱ्याची फसगत होणे स्वाभाविक आहे. दरजेवर बसलेली काळी बुरशी काढावयाची तर साबणाचे पाणी, ताठ ब्रश आणि फार तर ब्लीचिंग पावडरचे पातळ द्रावण पुरे होते. मात्र ते द्रावण आणि ॲसिड ही दोन एकाच वेळी, एकाच जागी कदापि वापरू नयेत, कारण त्यांच्या संयोगातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि मुंबईच्या न्हाणीघरात त्याला बाहेर जावयास एक वीतभर झरोका असतो.

दुसरा आरोपी म्हणजे दुरुस्तीचे सोंग. फटी दिसू लागल्या की कोणीतरी वाण्याकडून नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातून व्हाइट सिमेंटची पिशवी आणतो, नाक्यावरून एखादा कडिया बोलावला जातो, तो त्या सिमेंटचा ताकाहून पातळ रबडा करून फडक्याने साऱ्या जमिनीवर फासतो, दहा मिनिटांत वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसून घेतो आणि अर्ध्या दिवसाची मजुरी घेऊन जातो. संध्याकाळी न्हाणीघर नवेकोरे दिसते. पण जुन्या, भुसभुशीत, साबणाच्या मेणचट थराने माखलेल्या मसाल्यावर हा नवा पापुद्रा धरून राहणार कशास? शिवाय जास्त पाणी घातलेले सिमेंट वाळताना आकसते, ते पाणी उडून गेल्यावर त्याच्या जागी छिद्रे राहतात, आणि दोन-तीन महिन्यांत सारे काम खराट्याबरोबर निघून जाते. मग लोक म्हणतात, दरजा भरून काही उपयोग होत नाही, आम्ही करून पाहिले. त्यांनी दरजा भरलेल्याच नसतात, रंगविलेल्या असतात.

खऱ्या दुरुस्तीत श्रमाचा मोठा हिस्सा भरण्यात नसून कोरण्यात आहे. जुना मसाला निदान दोन-तीन मिलिमीटर, आणि हाताला यश येईल तर लादीच्या जाडीच्या दोन-तृतीयांशापर्यंत, खरवडून काढल्यावाचून नव्यास बसावयास जागा मिळत नाही. याकरिता दातेरी पात्याचे लहानसे हत्यार दुकानात मिळते. न मिळाल्यास लोखंड कापण्याच्या करवतीचे मोडके पाते एका टोकास कापड गुंडाळून वापरावे. स्क्रू-ड्रायव्हर हातोडीने ठोकू नये, लादीच्या कडेचा टवका उडतो. आणि विजेवर फिरणारे कटर ज्याच्या हातात बसलेले नाही त्याने तर त्याच्या वाटेस जाऊच नये, कारण दरजेची दुरुस्ती करताना लादीवर ओढलेला चरा जन्मभर दिसत राहतो. कोरताना जी धूळ उडते तीत रेतीचा अंश असतो, तेव्हा तोंडाला मुखपट्टी बांधावी व फट जरा दमट करून घ्यावी. नंतर ब्रशने, शक्य असल्यास निर्वात झाडणीने, भुगा काढून, ओल्या फडक्याने दरजा पुसून घ्याव्यात. आत ओल असावी, पाणी साचलेले नसावे.

पुढचे काम त्या मानाने सुखाचे आहे. दरज भरण्याच्या तयार मिश्रणाची, म्हणजे ग्राउटची, एक किलोची पिशवी मिळते. फट तीन मिलिमीटरच्या आत असेल तर बिनरेतीचे आणि रुंद असेल तर रेतीमिश्रित घ्यावे. स्वच्छ थंड पाण्यात भुकटी थोडी थोडी टाकीत चक्क्याइतके घट्ट कालवावे, पाच-दहा मिनिटे तसेच ठेवावे, पुन्हा ढवळावे, आणि त्यानंतर कितीही मोह झाला तरी त्यात पाणी घालू नये. आपल्या घरांतील निम्मी अपयशे या पाण्याच्या मोहातून उद्भवतात, असे माझे अनुमान आहे. एका वेळी एखादा चौरस मीटर भागच हाती घ्यावा. रबरी थापीने मिश्रण दरजेत दाबून भरावे आणि थापी रेघेच्या दिशेने न चालविता तिरपी ओढावी, नाहीतर भरलेला मसाला तीच पुन्हा उपसून आणते. पंधरा-वीस मिनिटांनी, मिश्रणाने धर धरला की, पिळून घेतलेल्या ओल्या स्पंजने पुन्हा तिरपेच पुसावे, स्पंज वारंवार धुवावा. दोन-तीन तासांनी लादीवर जो धुरकट पडदा उरतो तो कोरड्या फडक्याने जातो. त्यानंतर दोन-तीन दिवस दरजांवर अधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा करावा. सिमेंट वाळविण्याने घट्ट होत नाही, ओले राखल्याने होते, ही गोष्ट स्लॅबच्या बाबतीत आपण जाणतो, तिच्यावर पाण्याची आळी बांधतो, आणि दरजेच्या बाबतीत साफ विसरतो.

यात एक अडचण खास मुंबईची आहे. निदान चोवीस तास ती जागा स्नानासाठी वापरता येत नाही, आणि एका न्हाणीवर पाच-सहा माणसांचा सकाळचा कारभार उरकणाऱ्या बिऱ्हाडास हे व्हावे कसे? उपाय जुनाच आहे. मे महिन्यात मुलांच्या शाळा बंद असतात, अर्धे घर कोकणात किंवा घाटावर गावी गेलेले असते, पाऊस अद्याप यावयाचा असतो. मागे राहिलेल्या एकट्या-दुकट्याने एक दिवस शेजाऱ्यांकडे बादली नेली तर कोणी नाही म्हणत नाही, विशेषतः तो शेजारी खालच्या मजल्यावरचा असेल तर.

भिंत जेथे जमिनीस मिळते तो कोपरा, शौचकुपाच्या पायथ्याची कड आणि नळ भिंतीत शिरतो ती जागा, या ठिकाणी सिमेंट भरू नये. तेथे दोन भाग वेगवेगळे हलतात आणि ताठर मसाला तडकल्याशिवाय राहत नाही. तेथे बुरशीरोधक सिलिकॉन हवे, आणि तेही जुने पूर्णपणे खरवडून, जागा कोरडी करून. आजकाल ठेकेदार प्रत्येक रोगावर एपॉक्सी सांगतात. ते द्रव्य फारसे पाणी पीत नाही, डाग धरीत नाही, आम्लासही फारशी दाद देत नाही, हे खरे. परंतु ते महाग असते, भराभर घट्ट होते, वेळीच पुसले नाही तर लादीवर कायमचे बसते, त्यातील घट्ट करणारे रसायन कातडीस बाधू शकते म्हणून हातमोज्यांवाचून त्यास शिवू नये, आणि जुना मसाला खोलवर काढल्याशिवाय त्याचाही पापुद्राच होतो. नवशिक्याने सिमेंटच्या ग्राउटवर हात बसवावा.

लादीवर नाण्याने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, तर ती लादी खालच्या थरापासून सुटली आहे असे समजावे आणि तिची दरज भरण्यात श्रम घालवू नयेत. तसेच ओलीचे खापर दरजेवर फोडण्यापूर्वी नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर इंचभर पाणी कोंडावे, भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी आणि चोवीस तासांनी पातळी पाहावी. पाणी खूण सोडून खाली गेले तर दोष जमिनीत, न गेले तर नळात, ट्रॅपखालच्या सांध्यात किंवा आणखी कोठे. या बिनखर्चाच्या चाचणीवाचून कोणाही ठेकेदारास हातोडा उचलू देऊ नये, असा ठराव प्रत्येक संस्थेने करावा.

आता जबाबदारीचा कायदेशीर मामला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती व सामाईक नळ यांतून होणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेचा, आणि सदनिकेतील शौचालय, मोरी इत्यादींच्या गळतीचा खर्च त्या सदनिकाधारकाचा आहे. तेव्हा दरजेबाबत वाद नाही, वाद असतो तो पुराव्याचा. भाडेकरूंच्या इमारतींची कथा निराळी. १९४७ च्या कायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरून गोठविले, त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही असे मालक म्हणू लागले, १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ आले, आणि त्याची हद्द शहर बेटापुरती, म्हणजे माहीम आणि शीव येथे संपणारी. मंडळाने तुळया आणि स्तंभ सांभाळावेत की मोरीतल्या फटी भराव्यात? मालक येणार नाही, मंडळ येणार नाही, आणि पागडी भरून पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारा भाडेकरू, घर माझे नाही म्हणून, हात लावणार नाही. या तिढ्यात लाकडी तुळईची टोके कुजतात. अशा इमारतीतील भाडेकरूने तरी कोणाची वाट पाहू नये, कारण खाली येणारे छत कागदोपत्री कोणाच्या मालकीचे आहे याची विचारपूस करीत नाही.

हे काम घरच्या माणसाने करावे म्हटले, की गवंड्याच्या पोटावर पाय येतो असा एक आक्षेप निघतो. वस्तुतः दोन तासांच्या कामासाठी नाक्यावरचा गवंडी येण्यास नाखूष असतो, कारण त्या दोन तासांपायी त्याचा पुऱ्या दिवसाचा रोज बुडतो; आला तर तो पूर्ण रोज वसूल होईल असेच काम सुचविणार, यात त्याचा दोष काय? दोष आहे तो चांगल्या शिकल्या-सवरलेल्या घरांतून हातास मसाला लागू न देण्याच्या प्रतिष्ठेचा. आणखी एका बाजूने पाहावे: एक न्हाणीघर तोडले की गोणीमागून गोणी राडारोडा निघतो. २०१६ च्या नियमांनी त्याची विल्हेवाट ज्याची त्याच्यावर टाकली, महापालिकेने तो मागणीनुसार उचलून नेण्याची सोय ठेवली आहे, आणि तरीही रात्रीच्या अंधारात खाडीकाठच्या मोकळ्या जागांवर तो कसा वाढतो हे चुनाभट्टीकडून कुर्ल्याकडे जाणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

संस्थांचे व्यवस्थापक मंडळ नूतनीकरणास परवानगी देताना अनामत घेते, कामाच्या वेळा ठरविते, मजुरांची नावे टिपून ठेवते. परंतु ज्या हयगयीमुळे हे नूतनीकरण ओढवते तिची नोंद कोठल्याही दफ्तरात नसते. मे महिन्याच्या सभेत गच्चीची पन्हळे साफ करण्याचा विषय असतोच; त्याच्या खाली आणखी एक विषय घालावा, की प्रत्येक सभासदाने पंधरा मेपूर्वी आपल्या न्हाणीघराच्या दरजा पाहून, भरून, तसे चिटणिसांस लेखी कळवावे, आणि जिने व सामाईक शौचालये धुण्यासाठी संस्थेच्या खर्चाने येणारे ॲसिड बंद करावे. चार-सहा किलो ग्राउट आणि दोन रबरी थाप्या संस्थेने घेऊन कचेरीत ठेवल्या तर त्या आळीपाळीने साऱ्या इमारतीस पुरतील; त्यांची पावती दुरुस्ती निधीच्या खात्यात लावण्यास हिशेबतपासनीस हरकत घेईल असे मला वाटत नाही.